ग्रीष्मचर्या व त्वचेचे आरोग्य

उन्हाळा आला की घरोघरी दोन तक्रारी सुरू होतात. अंगाची आग होते ही एक, आणि कातडी बिघडली ही दुसरी. पहिलीसाठी बर्फाचे पेय व दुसरीसाठी बाजारातील लेप शोधण्याकडे लोकांचा कल असतो. आयुर्वेदाच्या दृष्टीने पाहिले असता मात्र ह्या दोन्ही तक्रारी एकाच मुळाच्या दोन फांद्या ठरतात. ते मूळ कोणते, हे विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यात समजावून सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात व वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्येचा विचार आला आहे. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’ ह्या ग्रंथाने तो मराठी वाचकांच्या हाती दिला. ह्या आचार्यांनी वर्षाचे दोन भाग कल्पिले आहेत. शिशिर, वसंत व ग्रीष्म हा आदानकाल, म्हणजे घेण्याचा काळ होय. ह्या काळात सूर्य व रुक्ष वारे मिळून पृथ्वीतील ओलावा आणि प्राण्यांचे बळ हरण करतात. वर्षा, शरद व हेमंत हा विसर्गकाल, म्हणजे देण्याचा काळ होय. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट असल्यामुळे त्या वेळी मनुष्याचे बळ फार उणे झालेले असते. पंचांगात ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढात येतो. परंतु आमच्याकडे मृगाबरोबर पावसाची वाट पाहिली जाते व खरी काहिली चैत्र-वैशाखातच होते. म्हणून महिन्याच्या नावापेक्षा उन्हाच्या लक्षणाकडे पाहून वागणे शहाणपणाचे.

येथे एक सामान्य समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात पित्त खवळते असे आपण सर्रास म्हणतो. ग्रंथकारांचे म्हणणे निराळे आहे. त्यांच्या मते ग्रीष्मात कफ क्षीण होतो व रुक्षतेमुळे वाताचा संचय होऊ लागतो. पित्ताचा संचय पावसाळ्यात व प्रकोप शरदात, म्हणजे आश्विनाच्या उन्हात होतो. तेव्हा ग्रीष्मातला मुख्य शत्रू नुसती उष्णता नसून कोरडेपणा व बलहानी हे होत. एवढे ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व नियमांचा अर्थ आपोआप उलगडतो. सूर्य घेत आहे, तेव्हा आपण कमी खर्च करावा व गेले ते भरून काढावे, हेच त्यांचे सार आहे.

खर्च कमी करावा म्हणून व्यायाम व ऊन वर्ज्य सांगितले आहे. दिवसा झोपणे एरवी निषिद्ध. परंतु रात्री लहान असलेल्या ह्या ऋतूत दुपारच्या झोपेस मोकळीक दिली आहे. भर दुपारी मैदानात चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे! खेळ सोडावा असे आम्ही म्हणत नाही. तो सकाळी आठाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर खेळावा.

गेले ते भरून काढावे म्हणून मधुर, थंड, पातळ व किंचित स्निग्ध आहार सांगितला आहे. साखर घातलेले सातूचे पीठ, तांदळाचा भात, दूध, मातीच्या भांड्यात निववलेले पानक हे पदार्थ त्यात येतात. आमचे कैरीचे पन्हे, वाळा घातलेले माठातील पाणी, कोकमाचे सरबत ही त्याच कुळातील होत. मद्याविषयी चरकाने म्हटले आहे की, ह्या दिवसांत ते अत्यल्प घ्यावे, किंवा मुळीच घेऊ नये. आणि घेतलेच तर पुष्कळ पाणी मिसळून घ्यावे. ह्यांपैकी दुसरा मार्ग सर्वांत उत्तम, हे सांगावयास नकोच.

दोन ठिकाणी मात्र ग्रंथ व स्वयंपाकघर ह्यांचा मेळ बसत नाही असे वाटते. सुश्रुताने उष्णकाळी ताक देऊ नये म्हटले आहे, आणि आमच्या घरांतून तर उन्हाळ्यात ताकाखेरीज पान हलत नाही. परंतु घरचे ताक ताजे, भरपूर पाणी घालून पातळ केलेले व जिरे-कोथिंबीर लावलेले असते. आंबट, दाट ताक उन्हाळ्यात जाणती गृहिणीही वाढीत नाही. दुसरी गोष्ट मिठाची. खारट, तिखट व आंबट कमी करावे अशी शास्त्राज्ञा आहे. ती सावलीत विसावा घेऊ शकणाऱ्यास योग्यच आहे. परंतु जो दिवसभर घाम गाळतो त्याच्या घामाबरोबर मीठही निघून जाते, हे आज निश्चित ठाऊक आहे. अशा मनुष्याच्या पन्ह्यात चिमूटभर मीठ असलेच पाहिजे.

आता त्वचेकडे वळू. सुश्रुताने त्वचेचे सात थर वर्णिले आहेत. त्वचेची कांती राखणाऱ्या पित्तास भ्राजक पित्त असे नाव आहे. घाम हा मल खरा, पण शरीरातील ओलावा सांभाळण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे. आधुनिक शास्त्र सांगते की मनुष्याच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, व घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. घाम वाळला नाही तर गारवा नाही. म्हणून नागपूर-चंद्रपूरकडील कोरडे ऊन व कोकणातील दमट ऊन ह्यांची तऱ्हा भिन्न. आयुर्वेदातही जांगल व आनूप असा देशभेद मानला आहे तो व्यर्थ नव्हे.

घामाच्या वाटा बुजल्या की घामोळे उठते. वाग्भटाने घामेजलेल्या अंगावर उठणाऱ्या मोहरीएवढ्या पुटकुळ्यांना राजिका, म्हणजे मोहरी, असेच नाव दिले आहे. ह्यावर उपाय साधा आहे. दोन वेळा थंड पाण्याने स्नान करावे, सुती व सैल वस्त्रे घालावी, घाम टिपावा, चंदनाचा किंवा वाळ्याचा पातळ लेप लावावा. दाट तेल व पावडरीचे थर ह्यांनी वाटा अधिकच बुजतात. कातडीला लिंबाचा रस चोळून उन्हात जाऊ नये. त्याने ती भाजल्यासारखी होते. मुलींच्या मातांस आमची विशेष विनंती अशी की, गोरेपणा म्हणजे आरोग्य नव्हे. रंग उजळविणाऱ्या काही मलमांत पारा आढळला आहे, व पाऱ्याने मूत्रपिंडास इजा होते. सावळी, मऊ व निरोगी त्वचा हीच सुंदर त्वचा होय.

ह्या सर्व उपायांची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या समारंभानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. कोणी बरळू लागला, चक्कर येऊन पडला, अंग तापून ४० अंश सेल्सिअस वा त्याहून वर गेले, तर तो उष्माघात समजावा. तेथे कांदा, चंदन अथवा काढा ह्यांत वेळ दवडू नये. रोग्यास सावलीत आणावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

शेवटी एक विचार. वाग्भटाने वर्णिलेली ग्रीष्मातील घरे कारंज्यांची व सुगंधी जलाची आहेत. ती ज्यांना लाभतात त्यांना उन्हाळ्याचे भय थोडे. परंतु ज्याचे ऊन चुकत नाही, त्या रस्ता खोदणाऱ्या मजुराची व भाजी विकणाऱ्या म्हातारीची ग्रीष्मचर्या कोणी सांभाळावी? दारापुढे झाकलेला माठ व स्वच्छ पेला ठेवणे, आणि घरी कामास येणाऱ्या बाईस दुपारी दोन घटका सावलीत बसू देणे, एवढे तर प्रत्येक घरास शक्य आहे. सूर्य ज्या ऋतूत घेतो, त्या ऋतूत माणसाने देणारे व्हावे.