नेटवर्क गेलं तरी चार्ज कळतो!

सोलापुरात तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावली की मोबाइलवरचा आकडा तासन्‌तास हलत नाही. घाबरू नका, बहुतेक वेळा चार्जिंग चालूच असतं. गाडीतलं सिम चार्जची माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं आणि तिथून ती आपल्या ॲपमध्ये येते. रेंज गेली की दिसतो तो शेवटचा जुना आकडा. म्हणून आधी ॲपमधली शेवटच्या अपडेटची वेळ बघा, मग टक्के.

खरा हिशोब ठेवते गाडीतली बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. तिला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे डॅशबोर्डवरचा आकडा ताजाच असतो.

माझी आवडती युक्ती विजेच्या मीटरची. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. बॅटरी 30 किलोवॅट-तासांची असेल तर 10 टक्क्यांना 3 युनिट. चार्जिंगमधली गळती धरून साधारण साडेतीन. चार्जरसाठी वेगळा सबमीटर असेल आणि तो वर बसवलेला असेल तर तळघरात न उतरताही अंदाज येतो.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं मात्र वेगळं. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून 100 टक्के चार्ज कराच. तुळजापूरचा घाट चढण्याआधी तर मी डॅशबोर्डच बघतो, फोन नाही.