क्यूबन साल्सा : आधी कान, मग पाय



वस्तीतल्या मुली हल्ली मोबाइलवर साल्साचे व्हिडिओ पाहून घरात पाय हलवताना दिसतात. त्यांच्यामुळे आयाही. त्यांच्याकडून मला दोन प्रश्न वारंवार येतात. मुली विचारतात, "ताई, पावलं पाठ झाली, पण गाणं लागलं की चुकतात. असं का?" आणि आया विचारतात, "यानं साखर उतरते का?" या वेळच्या आरोग्य पानावर दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र देते, कारण ताल जमला नाही तर नाच आठ दिवसांत सुटतो. सुटलेल्या व्यायामानं कुणाचीच साखर उतरत नाही.

हा नाच आला कुठून?

साल्साचे अनेक प्रकार आहेत. आपण बोलतोय ते क्यूबा देशातल्या प्रकाराबद्दल. तिथले लोक त्याला 'कासिनो' म्हणतात. कासिनो म्हणजे करमणुकीचा क्लब. १९५० च्या दशकात राजधानी हवानातल्या अशा क्लबांमध्ये जोड्या गोल करून नाचू लागल्या, म्हणून हे नाव पडलं. त्यातल्या अनेक क्लबांत काळ्या माणसांना आत येऊ देत नसत. १९५९ च्या क्रांतीनंतर ही दारं उघडली.

गंमत अशी की ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्याच तालावर आत नाच चालला होता. कासिनोच्या मुळाशी 'सोन' नावाचं पूर्व क्यूबातलं संगीत आहे. त्यात स्पेनची गिटार आणि आफ्रिकेचे ताल एकत्र आले. दुसरं मूळ 'रुम्बा'. हवाना आणि माटान्झास या बंदरांच्या शहरांत, गोदीत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या वस्त्यांत तो वाढला. क्यूबात गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ साली. त्यांच्या ढोलांवर सरकारनं वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा लोकांनी मालाची लाकडी खोकी वाजवून नाच चालू ठेवला. युनेस्कोनं २०१६ साली क्यूबाच्या रुम्ब्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

कासिनो मुळात जोडीचा नाच आहे. पण मध्येच जोडी सुटते आणि प्रत्येक जण आपापली पावलं टाकतो. या एकट्याच्या पावलांत सोन आणि रुम्बा दोन्ही दिसतात. रुम्ब्याचा 'कोलुम्बिया' हा प्रकार तर एकट्यानंच नाचायचा. त्यात नाचणारा आणि ढोल यांचे सवाल-जवाब चालतात. म्हणून एकट्यानं सराव करणं म्हणजे जोडीदार नाही म्हणून केलेली तडजोड समजू नका. तो या नाचाचाच भाग आहे.

"आपण नाचायचं कशाला?"

हा प्रश्न वयस्कर बायका विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्या घराण्यांतल्या कितीतरी बायका तमाशाच्या फडावर दुसऱ्यांसाठी नाचल्या. त्यांची कला लोकांनी पाहिली आणि त्यांनाच हलकं म्हटलं. त्यातून बाहेर यायला पिढ्या गेल्या. म्हणून नाच म्हटला की मन कचरतं, हे मी समजू शकते.

पण इथं कुणापुढे नाचायचं नाही. दार लोटून, दहा मिनिटं, आपल्याच हृदयासाठी आणि आपल्याच गुडघ्यांसाठी. सकाळी पाण्याची वेळ, दिवसभर काम, रात्री गल्लीत फिरायला जावं तर अंधार आणि टोमणे. "रोज अर्धा तास चाला" हा डॉक्टरांचा सल्ला आपल्यापैकी किती जणींना पाळता येतो? या सरावाला चार फूट लांब, चार फूट रुंद मोकळी जागा पुरते. खाट भिंतीला लावली की ती निघते.

आठ मात्रांचा हिशेब

साल्साचं गाणं आठ-आठ मोजणीत चालतं. आपल्या ढोलकीवरचा केरवाही आठ मात्रांचाच, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं आहे. पावलं मात्र आठ नाहीत, सहा आहेत. एक, दोन, तीन या मात्रांवर पाऊल, चारला थांबायचं. पाच, सहा, सातवर पाऊल, आठला थांबायचं.

मग चुकतं कुठं? केरव्यात सम ठळक ऐकू येते. ढोलकीवाला ती दाखवूनच देतो. क्यूबन संगीतात तसं होत नाही. तिथला जाड आवाजाचा बास बहुतेक वेळा एकावर वाजतच नाही. तो अडीचवर आणि चारवर वाजतो, पुढे साडेसहावर आणि आठवर. म्हणजे सम येण्याआधीच तो येऊन जातो. आपला कान जाड आवाजालाच सम समजतो आणि पाय एक मात्रा आधी पडतो. पावलं पाठ असूनही गाणं लागल्यावर गोंधळ होतो तो बहुतेकदा यामुळे.

म्हणून कोणतं वाद्य काय सांगतं, ते ओळखा.

१. घंटा (काम्पाना). गाण्यात जेव्हा मंडळी एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, तेव्हा धातूची घंटा ठणठण वाजू लागते. तिचे जोरकस ठोके एक, तीन, पाच, सातवर असतात. नवशिक्यानं पाऊल जुळवायला हा भाग सगळ्यांत सोपा.

२. उभे ढोल (तुम्बादोरा). यांचे दोन मोकळे, घुमणारे ठोके चार आणि साडेचारवर पडतात, तसेच आठ आणि साडेआठवर. "धुम-धुम" ऐकू आलं की पुढचा ठोका एकाचा किंवा पाचाचा. हे ढोल आपल्याला हाक मारतात असं समजा.

३. क्लावे. दोन कडक लाकडी दांडक्या एकमेकींवर वाजवतात. आठ मात्रांत पाचच ठोके : एक, अडीच, चार, मग सहा आणि सात. काही गाण्यांत उलटं, दोन ठोके आधी आणि तीन नंतर. सगळी वाद्यं या सांगाड्यावर उभी असतात. पहिल्या महिन्यात क्लावेवर पाय टाकायला जाऊ नका, नुसती टाळी वाजवा.

सराव कसा करायचा?

पहिली पायरी : बसून ऐकणं. तीन दिवस पाय हलवायचेच नाहीत. भाजी निवडताना, भांडी घासताना एकच गाणं पुन्हा पुन्हा लावा. संथ सोनपासून सुरुवात करा. 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या १९९७ च्या अल्बममधलं 'चान चान' हे गाणं त्यासाठी बरं आहे. 'लोस व्हान व्हान' या १९६९ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध वाद्यवृंदाची गाणी जोमदार असतात, ती नंतर.

दुसरी पायरी : टाळी. फक्त एक आणि पाच यांवर टाळी वाजवा. सलग दोन मिनिटं न चुकता टाळी पडली की उभं राहा.

तिसरी पायरी : जागच्या जागी पाऊल. "एक-दोन-तीन" मोजण्यात एक अडचण आहे. 'सहा' म्हणायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि पाय मागे राहतो. त्याऐवजी डाव्याचा 'डा' आणि उजव्याचा 'उ' घ्या : "डा-उ-डा, थांब. उ-डा-उ, थांब." ताल आणि पाय दोन्ही एकदम लक्षात राहतात.

थांबण्याच्या मात्रेवर खरी परीक्षा असते. घाई करणारा माणूस तिथंच घसरतो. तीनला डावा पाय टेकला की सगळं वजन त्याच्यावर घ्या आणि चारला तसंच राहा. वजन पूर्ण गेलं असेल तर उजवा पाय सहज मोकळा होतो. दोन्ही पायांवर वाटून उभं राहिलात तर पाचला कोणता पाय उचलायचा, हा गोंधळ ठरलेला. क्यूबात काही जण चारवर पायाची हलकी थाप मारतात. ती नंतर शिका.

चौथी पायरी : मागे-पुढे, बाजूला. पाऊल आपल्या तळव्याएवढंच टाका, मोठं नको. मागे जाताना चवडा टेकवा, अंग मागे झोकू नका. पावलाचा धप्प आवाज येत असेल तर वजन आपटतंय. क्यूबन चालीत गुडघे किंचित सैल असतात आणि पाऊल अलगद पडतं. कंबर मुद्दाम हलवू नका. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं आणि गुडघा वाकला की ती आपोआप हलते.

पाचवी पायरी : आवाज बंद करून तपासणी. पाय चालू ठेवा आणि गाण्याचा आवाज एकदम बंद करा. मनात दोन वेळा आठ मोजा आणि आवाज पुन्हा वाढवा. तुमचा एक आणि गाण्याचा एक जुळला तर ताल अंगात उतरला.

क्यूबात काही जण, विशेषतः सोन नाचताना, एकऐवजी दोनवर सुरुवात करतात. तेही बरोबरच आहे. तुम्ही मात्र एक पद्धत पक्की होईपर्यंत दुसरीकडे जाऊ नका.

गुडघा, फरशी आणि चप्पल

नाचताना गुडघा बहुधा वळताना दुखावतो. पाय जमिनीला चिकटून राहिला आणि अंग फिरलं की पीळ गुडघ्यावर बसतो. म्हणून रबरी स्लिपर घालून वळू नका. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तर अजिबात नको, पाय घसरतो. तळ झिजलेले सपाट कापडी बूट सगळ्यांत चांगले. वळताना टाच थोडी उचला, चवड्यावर वळा आणि पाय, गुडघा, कंबर एकाच दिशेला ठेवा. पहिला महिना वळलात नाही तरी काही बिघडत नाही.

शरीराला काय मिळतं?

मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिनिटाला साधारण १०० पावलं टाकत झपझप चालणं म्हणजे मध्यम व्यायाम. आता हिशेब करा. साल्साच्या एका गाण्यात मिनिटाला १८० मात्रा असतील, तर आठाला सहा या प्रमाणात १३५ पावलं पडतात. मोबाइलवर गाण्याचा वेग ०.७५ केला तर साधारण १०१. म्हणजे सावकाश सरावही झपझप चालण्याच्या बरोबरीचा.

स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर वापरतात. जेवणानंतर लगेच पडून राहण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं हलका सराव केला तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायकांना याची गरज असते. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेण्याच्या सवयीनं तोलही सुधारतो, तो उतारवयात पडण्यापासून वाचवतो. पण नाचानं गोळी सुटत नाही. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

जोर किती, हे असं ओळखा : बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम योग्य. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा.

यांनी आधी विचारावं, जपून करावं

- मधुमेह : इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी नाचू नका. थरथर, गार घाम, अंधारी आली तर थांबा आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी नको. सरावानंतर तळवे पाहा.
- रक्तदाब : १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर आधी दवाखाना, मग नाच.
- सिकलसेल : विदर्भात आपल्या समाजात हा आजार बऱ्याच घरांत आहे. अशा मुलामुलींना दम लागेपर्यंत नाचवू नका. दर चार-पाच मिनिटांनी विश्रांती द्या, पाणी पाजा, पत्र्याच्या तापलेल्या खोलीत दुपारी सराव नको.
- रक्त कमी असणं : थोड्याच श्रमात धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.
- गरोदर बाई, हृदयरोगी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले : डॉक्टरांना विचारूनच.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घेरी, यांतलं काहीही झालं तर "थोडं बसलं की जाईल" म्हणू नका. १०८ ला फोन करा.

पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक

पहिले तीन दिवस : नुसतं ऐकणं. चौथा आणि पाचवा : एक-पाचवर टाळी. सहावा आणि सातवा : पाच मिनिटं जागच्या जागी पाऊल, वेग ०.७५. दुसरा आठवडा : रोज दहा मिनिटं, सुरुवातीला दोन मिनिटं साधं चालणं आणि शेवटी पोटऱ्या ताणणं. पुढे दिवसातून दोनदा, मग तीनदा. आठवड्यातले पाच दिवस तीन वेळा दहा-दहा मिनिटं केली की १५० मिनिटं भरली.

घरातल्या मुलीला ताल मोजायला बसवा. ती मोजेल, तुम्ही पावलं टाका. मग तुम्ही मोजा. आणि शेजारच्या ताईची साखर मोजून बरेच महिने झाले असतील, तर तिलाही बोलवा. पहिल्या दिवशी दवाखान्यात दोघी साखर आणि रक्तदाब तपासून आकडे वहीत लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.