रंग आपणच भरतो: सिनेमा, त्याचं कॉमिक आणि टीव्हीवरची जाहिरात

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, व्याख्यानमालेत हे काय मध्येच! लहानपणी वाचलेली विज्ञानपटांची कॉमिक्स आणि टीव्हीवर लागणाऱ्या त्यांच्या जाहिराती. पण आज पन्नाशी-साठी ओलांडलेली ब्रिटनमधली माणसं या गोष्टींबद्दल इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, हे पाहायला गेलं की स्मरणशक्तीबद्दलचा एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ, 'स्टार वॉर्स'चं, आणि ते नीट तपासू.

आधी काळ लक्षात घ्या. हा सिनेमा अमेरिकेत २५ मे १९७७ ला आला. लंडनमध्ये तो २७ डिसेंबरला लागला आणि ब्रिटनच्या इतर गावांत पुढच्या वर्षी पोचला. मुलगा थिएटरात जायचा, दोन तास डोळे विस्फारून बघायचा आणि घरी यायचा. पुढे काय? सिनेमा परत बघायचा तर पुन्हा तिकीट काढायचं, नाहीतर विसरायचं. तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर १९८२ साली मिळू लागला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश टीव्हीवर पहिल्यांदा दिसला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं हा सिनेमा मुलांच्या घरात नव्हता. घरात होतं ते कॉमिक.

फेब्रुवारी १९७८ मध्ये मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने 'स्टार वॉर्स वीकली' सुरू केलं. किंमत दहा पेन्स. पहिल्या अंकासोबत कापून जोडायचं कागदी एक्स-विंग विमान फुकट. अमेरिकेत हेच कॉमिक मासिक होतं आणि रंगीत होतं. ब्रिटनमध्ये त्याच गोष्टीचे तुकडे करून दर आठवड्याला छापत, आणि आतली पानं काळी-पांढरी. हा काळ्या-पांढऱ्याचा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता जाहिरातीकडे येऊ. बीबीसीवर जाहिराती नसत. १९८२ च्या नोव्हेंबरात चॅनल फोर येईपर्यंत जाहिराती दाखवणारी वाहिनी एकच, आयटीव्ही. त्यामुळे तिच्यावर लागलेली जाहिरात शाळेतल्या बहुतेक मुलांनी पाहिलेली असे. नवं साप्ताहिक निघताना प्रकाशक टीव्हीवर जाहिरात करत. १९७७ च्या फेब्रुवारीत '२००० एडी' हे विज्ञानकथांचं साप्ताहिक निघालं, तेव्हा त्याचीही केली होती, आणि पहिल्या अंकासोबत फेकून उडवायची चकतीही दिली होती. अशा जाहिरातीचं काम सोपं असतं. काही सेकंदांत तीन गोष्टी सांगायच्या: काय येतंय, कधी येतंय आणि फुकट काय मिळतंय. पण त्यामुळे मुलाच्या आठवड्याला एक टोक मिळायचं. अमुक दिवशी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे जायचं, हे पक्कं.

लोकांना नेमकं काय आठवतं? त्यांच्या बोलण्यात गोष्टीपेक्षा वाट पाहणंच जास्त येतं. पुढचा तुकडा सात दिवसांनी येणार. तोवर आहे तोच अंक पुन्हा वाचायचा, मित्राशी भांडायचं, वहीत विमानं काढायची. आमच्या मते स्मृती पक्की होते ती या मधल्या सात दिवसांत.

पण पक्की म्हणजे अचूक नव्हे, बरं का. इथून खरी गंमत सुरू होते. अमेरिकी कॉमिकचा पहिला अंक सिनेमाच्या आधीच दुकानात आला होता. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार हॉवर्ड चेकिन यांनी पूर्ण झालेला सिनेमा पाहून ते केलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे पटकथा होती, छायाचित्रं होती, राल्फ मॅक्वारी यांची संकल्पनाचित्रं होती. म्हणून पहिल्या मुखपृष्ठावरचा डार्थ व्हेडर चक्क हिरवट आहे! आणि ल्यूकचा बालमित्र बिग्ज त्याला गावाकडे भेटतो तो प्रसंग कॉमिकमध्ये आहे. तो चित्रित झाला होता, पण संकलनात कापला गेला. थिएटरात कोणी तो पाहिला नाही.

आता अशा मुलाची कल्पना करा, ज्याने सिनेमा एकदा पाहिला आणि कॉमिक पन्नास वेळा वाचलं. वीस वर्षांनी तो छातीठोकपणे सांगेल, "बिग्जचा तो सीन मी थिएटरात पाहिलाय." तो खोटं बोलत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवलं होतं की आठवण म्हणजे कपाटातून काढलेली जशीच्या तशी वस्तू नसते. प्रत्येक वेळी आपण ती नव्याने जुळवतो. जुळवताना काय पाहिलं, काय वाचलं, काय ऐकलं, यांच्या सीमा पुसल्या जातात. सिनेमा, कॉमिक आणि जाहिरात यांचा मिळून डोक्यात एकच 'स्टार वॉर्स' तयार होतो, आणि तो जगात इतरत्र कुठेच नसतो.

आणखी एक पायरी मागे जाऊ. जॉर्ज लुकास यांना आधी 'फ्लॅश गॉर्डन'वर सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची गोष्ट रचली. फ्लॅश गॉर्डन म्हणजे १९३४ साली अॅलेक्स रेमंड यांनी सुरू केलेली वर्तमानपत्रातली चित्रमालिका. १९३६ मध्ये तिच्यावर चित्रपट-मालिका निघाली, आणि तसल्या जुन्या मालिका लुकास यांनी लहानपणी टीव्हीवर पाहिल्या. म्हणजे कॉमिकवरून पडदा, पडद्यावरून टीव्ही, टीव्हीवरून एका मुलाची आठवण, त्या आठवणीतून सिनेमा, आणि त्या सिनेमावरून पुन्हा कॉमिक! आपल्यापैकी काहींना तर फ्लॅश गॉर्डन घरचाच. मराठीतही निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ आणि मँड्रेक यांच्याबरोबर तोही असे.

मग कोणी विचारेल, हे सगळं शेवटी धंद्यासाठीच नव्हतं का? होतं की. मार्व्हलचे नंतरचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी म्हटलं आहे की या कॉमिकने अडचणीतल्या कंपनीला तारलं. १९८२ साली अमेरिकेत 'जी. आय. जो' कॉमिकच्या अॅनिमेशन केलेल्या जाहिराती टीव्हीवर आल्या, त्यामागेही खेळण्यांची कंपनी होती. खेळण्यांच्या जाहिरातीत अॅनिमेशनवर बंधनं होती, कॉमिकच्या जाहिरातीत ती आड येत नव्हती. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण विकणाऱ्याचा हेतू एक आणि मुलाने त्यातून काय घेतलं ते दुसरं. पहिल्याने दुसरं खोटं ठरत नाही.

शेवटी शब्दाकडे येऊ. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर यांनी १६८८ मध्ये घडवला, एका आजाराचं नाव म्हणून. त्यात घरी परतणं आहे आणि वेदना आहे. मराठीत आपण म्हणतो स्मरणरंजन. आपल्या शब्दात वेदना नाही. 'रंजन'च्या मुळाशी जो 'रंज्' धातू आहे, त्याचे अर्थ दोन: रंगवणं आणि आनंद होणं. त्या ब्रिटिश मुलांच्या हातातली पानं काळी-पांढरी होती. लाल-निळे किरण, विमानांच्या आगी, सगळे रंग त्यांनी मनात भरले.

म्हणून कोणी लहानपणचं काही सांगू लागलं, तर लगेच मोबाईल काढून "असं नव्हतंच ते" म्हणू नका. खरं काय होतं ते तपासायला जुने अंक आहेत, कोणी टेप करून ठेवलेल्या जाहिराती आहेत. ते काम नंतरही होईल. आधी त्याने रंग कुठे भरलाय ते ऐका. अंकात नसलेली तेवढीच गोष्ट त्याची स्वतःची आहे, आणि ती फक्त त्याच्याकडूनच ऐकायला मिळेल.