कबड्डीचा सराव सामना: निकाल कुणी लक्षात ठेवत नाही, मग निवड कशावर ठरते?

समजा, सांगली किंवा साताऱ्यातल्या एका हॉलमध्ये कबड्डीचा सराव सामना सुरू आहे. तिकीट नाही, समालोचन नाही, कडेला पंधरा-वीस माणसं. सामना संपतो आणि फलकावर ३८-२९ दिसतं. रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंचवीस फोटो येतात आणि त्यातल्या वीस फोटोंत एकच चढाईपटू असतो. दोन दिवसांनी संघ जाहीर होतो, तर नेमकं त्याचंच नाव राखीव खेळाडूंत. मग गावाकडून एकच सूर निघतो, "वशिला लागला असणार."

कधी वशिला असेलही. पण बऱ्याचदा प्रशिक्षकाने त्या सामन्यात जे पाहिलेलं असतं, ते फलकावर नसतं आणि फोटोतही नसतं. सराव सामना पाहायचा कसा आणि टिपायचा कसा, हे म्हणूनच समजून घ्यायला हवं.

एवढं महत्त्व कशाला?

सांगली आणि सातारा हा कुस्तीबरोबर कबड्डीचाही पट्टा. सांगलीचं तरुण भारत व्यायाम मंडळ, कराडचं लिबर्टी मजदूर मंडळ ही इथली जुनी नावं. सांगली जिल्ह्यातल्या काशिलिंग आडकेने २०१५ मध्ये प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात चढायांत सर्वाधिक गुण मिळवले. याच जिल्ह्यातला नितीन मदने २०१४ च्या इंचेऑन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता.

पण इथल्या बहुतेक पोरांसाठी पहिला उंबरठा प्रो कबड्डीचा नसतो, जिल्हा संघाचा असतो. जिल्हा संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि तिथून महाराष्ट्राचा संघ, अशी ही शिडी आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी अधिकृत स्पर्धांतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघही याच स्पर्धांकडे डोळे लावून असतात. म्हणजे बाराजणांच्या यादीत नाव येणं न येणं, यावर कुणाची नोकरी अवलंबून असू शकते. ती यादी बऱ्याच अंशी शिबिरात आणि सराव सामन्यांत ठरते.

फलक का फसवतो?

सराव सामना जिंकण्यासाठी खेळवलाच जात नाही. प्रशिक्षकाला काहीतरी तपासायचं असतं. तो मुद्दाम तीनच बचावपटू मैदानात ठेवतो, कारण तीन किंवा त्यापेक्षा कमी खेळाडूंनी पकड केली की 'अव्वल पकड' होते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. त्याला तो बचाव घोटवून घ्यायचा असतो. एखाद्या चढाईपटूला तो सांगतो, "आज फक्त बोनस मार, हात लावायला जाऊ नको." दोन रिकाम्या चढायांनंतर येणारी 'करो या मरो' चढाई तो सगळ्यात नवख्या पोराला देतो, दबावाखाली पोरगं काय करतं ते पाहायला.

असा संघ दहा गुणांनी हरला, तर त्यात नवल काही नाही. कुणाला काय काम दिलं होतं हे माहीत असल्याशिवाय ३८-२९ या आकड्याला अर्थ नाही.

चढाईपटूची खरी किंमत कशी काढायची?

त्यासाठी वही आणि पेन पुरतं. प्रत्येक चढाईसमोर तीनपैकी एक खूण करायची: गुण, रिकामी, बाद.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खेळाडू 'अ'ने १८ चढाया केल्या, ८ गुण आणले आणि ७ वेळा पकडला गेला. खेळाडू 'ब'ने ११ चढाया केल्या, ६ गुण आणले आणि एकदाच बाद झाला. टाळ्या 'अ'ला मिळतील, फोटोही त्याचेच निघतील. पण 'अ'ने ८ आणून ७ दिले, म्हणजे हाती एकच उरला. 'ब'ने ६ आणून १ दिला, म्हणजे पाच उरले. शिवाय बाद झालेला 'अ' दर वेळी संघ त्याला पुन्हा आत आणेपर्यंत बाहेर बसला. तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी खेळला.

यात आणखी एक बारकावा आहे. बोनस गुण समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो. त्यामुळे भरल्या मैदानात बोनस मारणारा आणि चारजण उरल्यावर त्यांना बाद करून लोण चढवणारा, हे दोन वेगळे खेळाडू आहेत. गुण सारखे असले तरी संघाला दोघांची गरज वेगवेगळ्या वेळी लागते. म्हणून वहीत गुणासोबत समोर किती बचावपटू होते, तेही लिहायचं.

बचावपटूचं काम दिसतच नाही, ते कसं मोजायचं?

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. पकड ही क्वचितच एकट्याची असते. डाव्या कोपऱ्यातला खेळाडू घोटा पकडतो, त्याच क्षणी मध्यरक्षक कंबरेला भिडतो आणि तिसरा मध्यरेषेकडे जाणारी वाट अडवतो. नोंदीत मात्र नाव बहुधा पहिल्या हाताचं लागतं. वाट अडवणारा तिसरा कुठेच उरत नाही.

त्याहून अवघड म्हणजे पकडच न करणारा चांगला बचावपटू. चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे सरकतो, तिथला खेळाडू अर्धं पाऊल पुढे येतो, चढाईपटू बिचकतो आणि दिशा बदलतो. तीस सेकंद संपतात, चढाई रिकामी जाते. फलक हलत नाही, पण तो अर्धा पाऊल संघाला एक गुण वाचवून गेलेला असतो.

हे मोजण्यासाठी तीन रकाने पुरतात. एक, पकडीचे प्रयत्न किती आणि यशस्वी किती. दोन, दुसऱ्याने धरल्यावर हा मदतीला पोहोचला की उभा राहिला. तीन, चढाईपटू कोणता कोपरा टाळतोय. चढाईपटू सामनाभर एका बाजूला फिरकलेच नाहीत, तर त्या बाजूला कोण उभं होतं, ते पाहायचं.

चौथा रकाना चुकांचा: घाईची पकड, साखळीतला हात सुटणं, मैदानाबाहेर पाय जाणं. दमल्यावर चुका वाढतात, म्हणून दोन्ही डावांच्या चुका वेगळ्या लिहायच्या. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन डाव असतात. दुसऱ्या डावाची शेवटची पाच मिनिटं खेळाडूचा खरा दम दाखवतात.

मग कॅमेरा कुठे ठेवायचा?

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, महिलांचं १२ बाय ८. या छोट्या जागेत छायाचित्रकार कुठे बसतो, त्यावर फोटोचा नायक ठरतो.

बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेपलीकडे बसलं, तर चढाईपटूचा चेहरा समोर येतो आणि बचावपटूंच्या फक्त पाठी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बहुतेक फोटो इथून काढलेले असतात, म्हणून त्यांत चढाईपटूच भरलेला असतो. विरुद्ध टोकाला बसलं की चित्र उलटतं. चढाईपटूची पाठ दिसते, पण सातही बचावपटूंचे डोळे, हात आणि साखळी दिसते. मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला बसलं, तर झटापटीनंतर रेषेला हात लागला की नाही ते टिपता येतं. आणि गॅलरीतून, वरून घेतलेल्या चित्रीकरणात संघाची रचना कळते. प्रशिक्षकाला सगळ्यात उपयोगी हेच असतं, दिसायला ते कितीही साधं असलं तरी.

म्हणून एक डाव एका टोकाला, दुसरा डाव दुसऱ्या टोकाला आणि वर गॅलरीत एक मोबाइल स्टँडवर लावून सलग सुरू, एवढी व्यवस्था केली तरी खूप होतं. बसताना रेषेपासून चांगलं अंतर ठेवायचं. झटापटीत खेळाडू मॅटबाहेर येऊन आदळतात, त्यांना कॅमेऱ्याची इजा व्हायला नको.

हॉलमधले फोटो काळपट, पिवळट का येतात?

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. खेळाडू गोठवण्यासाठी शटर सेकंदाच्या ५०० व्या ते १००० व्या भागावर न्यावं लागतं. मग एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यावर पट्टे, असा प्रकार होतो. नव्या कॅमेऱ्यांत हे टाळण्याची खास सोय असते, ती सुरू करायची. नसेल तर लागोपाठ फोटो काढायचे आणि बरे निवडायचे. एफ २.८ इतकी मोठी उघडणारी लेन्स आणि ३२०० ते ६४०० आयएसओ ठेवला, तर दाणे दिसतात पण हालचाल धूसर होत नाही. फ्लॅश मात्र अजिबात नको. पकडीच्या क्षणी डोळ्यांवर झोत पडला तर इजा होऊ शकते.

मोबाइलवर फोटोपेक्षा चित्रीकरण बरं. सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमची सोय असेल तर ती निवडायची आणि शटर हाताने लावता येत असेल तर सेकंदाच्या १०० व्या भागावर ठेवायचं. आपल्या विजेशी ते जुळतं आणि पट्टे येत नाहीत. झूम करण्यापेक्षा जागा बदलावी.

खेळाडूने स्वतःजवळ काय ठेवावं?

हल्ली अनेक पोरं गाणं लावलेला एक मिनिटाचा व्हिडिओ प्रशिक्षकांना पाठवतात. त्यात दहा यशस्वी चढाया असतात, पण त्या किती चढायांतल्या दहा, हे कळत नाही. त्यापेक्षा एका पूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रीकरण आणि सोबत वहीच्या पानाचा फोटो जास्त बोलतो. बचावपटूंनी तर हे नक्की करावं, कारण त्यांचं काम एका मिनिटाच्या व्हिडिओत मावत नाही.

काढणाऱ्यानेही दोन गोष्टी पाळाव्यात. सराव सामन्यात संघाचे डाव उघडे पडतात, म्हणून प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. आणि खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची परवानगी घ्यायची.

संघ जाहीर झाल्यावर प्रशिक्षकांनी अशी वही आणि चित्रीकरण खेळाडूंसमोर ठेवलं, तर वगळलेल्या पोरालाही कळेल की आपण आठ आणून सात दिले होते. पुढच्या शिबिराला येताना काय सुधारायचं, हे मग त्याला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि वशिलाच लागला असेल, तर तोही त्या पानावर दिसेल.