पुढील स्टेशन कोणते ?

अंगारकीच्या दिवशी लोकलने टिटवाळ्याला जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक ! कल्याणला उतरतील त्याच्या दुप्पट चढतात. मग शहाड आले कधी, आंबिवली गेले कधी, खिडकीतून दिसेल तर शपथ ! अशा त्या गर्दीत माझा दहा वर्षांचा नातू मात्र अगदी निर्धास्त होता. डब्याच्या माथ्यावर लाल अक्षरांची पट्टी सरकत होती, 'पुढील स्टेशन टिटवाळा.'

"आजोबा, ही पट्टी कुणी शोधून काढली ?"

आजची ही पट्टी अनेकांच्या हातांतून घडत आली आहे. परंतु डब्यात बसलेल्या उतारूला पुढचे स्टेशन यंत्राने कळावे, ही युक्ती मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी एका मराठी तरुणाने एकोणिसाव्या शतकातच योजिली होती. मुंबईत विजेची गाडी धावली १९२५ साली. म्हणजे वाफेच्या इंजिनाचा तो जमाना! त्या तरुणाचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मले. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' हे परदेशी नियतकालिक, हीच त्यांची शाळा. पोटासाठी सरकारी हिशेबखात्यात नोकरी धरली. दिवसा आकडेमोड, फावल्या वेळी यंत्रे. मुंबईत त्यांनी 'सायंटिफिक क्लब' काढला आणि शास्त्रीय माहिती मायबोलीत मिळावी म्हणून 'विविध कला प्रकाश' नावाचे मासिकही चालविले. पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली, की वाणसामान आपोआप वजन करून देणारे यंत्र सुचवा. विलायतेतल्या स्पर्धकांना मागे सारून बक्षीस पटकावले मुंबईच्या या कारकुनाने !

झाले, भिसे लंडनला निघाले. तिथे त्यांच्या पाठीशी उभे राहिले खुद्द दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात कशी वाहून जाते याचा हिशेब ज्या वृद्धाने जगापुढे मांडला, तोच इंग्लंडात एका हिंदी माणसाच्या कल्पनेवर आपला पैसा लावत होता. मला तर या सगळ्या कथेतला हा सर्वांत हृद्य भाग वाटतो.

लंडनमध्ये भिशांनी काय काय केले नाही ! स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोन, आणि विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक. हा फलक क्रिस्टल पॅलेसच्या भव्य काचमहालात मांडला गेला आणि पुढे दुकानांतूनही लागला. दुकानांवर झगमगणाऱ्या पाट्यांच्या वंशावळीत एक पूर्वज आपला आहे, हे दिवाळीच्या खरेदीला जाताना ध्यानात असू द्यावे.

पण त्यांचा जीव जडला होता छापखान्यावर. त्या काळी मजकूर छापायचा म्हणजे शिशाचे खिळे ओतायचे आणि जुळवायचे. लायनोटाइप, मोनोटाइप ही यंत्रे आलेली होती, परंतु त्यांहून जलद खिळे ओतणारे यंत्र भिशांना करावयाचे होते. यंत्र घडत गेले. अडले ते पैशापाशी. नमुना तयार करायला पैसा, त्यात सुधारणा करायला पैसा, पेटंटांना पैसा. आणि बाजारात पाय रोवून बसलेल्या कंपन्यांशी झुंजायला तर पैशाची खाणच हवी. हाइंडमन नावाच्या इंग्रज समाजवादी पुढाऱ्यानेही भांडवल जमविण्याची खटपट केली. उपयोग झाला नाही. दादाभाईंचीही शक्ती संपली आणि १९०८ साली भिसे हताश होऊन मायदेशी निघाले.

आता दैवाचा खेळ पाहा ! त्याच प्रवासात त्यांना भेटले गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी त्यांची रत्नशेट टाटांकडे शिफारस केली. (हे सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव.) टाटांच्या पैशावर भिसे पुन्हा लंडनला गेले, यंत्रही पुढे सरकले, परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात तोही व्यवहार मोडला. भिशांनी मग अमेरिका गाठली. न्यूयॉर्कला खिळे ओतण्याच्या यंत्राची कंपनी निघाली, आयोडिनाचे एक औषधही चालले. तिकडची पत्रे त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणू लागली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कलाच त्यांचा अंत झाला.

हे सारे नातवाला सांगेपर्यंत गाडी टिटवाळ्याला लागलीसुद्धा. स्टेशनाबाहेर मला एका कागदाची झेरॉक्स काढायची होती. दुकानातले यंत्र घरघरले, उजेडाची रेघ सरकली आणि ऊनऊन प्रत हातात आली. पुढचा प्रश्न तयारच होता, "आणि हे कुणाचं ?"

हे चेस्टर कार्लसनचे. न्यूयॉर्कमधला पेटंटकचेरीतला कारकूनच म्हणा ना ! कागदांच्या नकला करून करून त्याची बोटे दुखत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने ऑटो कोर्नाई या साहाय्यकासह प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि अंधारात कापडाने खसाखसा घासला. डोक्यावरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तीच ही वीज. मग दिनांक आणि गावाचे नाव लिहिलेली काच वर ठेवून दिवा लावला. उजेड पडला तिथली वीज निघून गेली. अक्षरांच्या सावलीखाली मात्र ती टिकून राहिली. वर बारीक पूड भुरभुरून फुंकर मारली, तो अक्षरे तेवढी शिल्लक ! मेणकागद दाबून ती उचलून घेतली आणि जगातली पहिली कोरडी नक्कल तयार झाली. आजच्या यंत्रात गंधकाच्या पत्र्याजागी गोल फिरणारा ड्रम असतो आणि काळी भुकटी आचेने कागदावर चिकटवतात, एवढेच.

गंमत अशी की, वीसांहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला वाटेला लावले. कोर्नाईही कंटाळून निघून गेला. १९४४ साली बॅटल ही संशोधनसंस्था आणि १९४७ साली हॅलॉइड ही कंपनी त्याच्या मागे उभी राहिली, ती शेवटपर्यंत. १९५९ साली '९१४' हे यंत्र बाजारात आले आणि कार्लसन कोट्यधीश झाला. हुशारीत भिसे कुठे उणे होते ? त्यांचे आश्रयदाते थोर होते, पण ते एकेकटे गृहस्थ होते. त्यांच्यामागे प्रयोगशाळा नव्हती, कारखाना नव्हता. वर्षानुवर्षे तोटा सोसणे त्यांना कसे परवडावे ?

रांगेत उभ्या उभ्या मी नातवाला इथली आख्यायिका सांगितली. हा कण्व मुनींचा आश्रम आणि शकुंतलेने पूजिलेला हा गणपती. दुष्यंताने दिलेली अंगठी पाण्यात पडली नि बिचारीचा सारा पुरावा बुडाला.

"तिची झेरॉक्स कशी काढणार ?" तो हसला. मग माझ्या हातातली प्रत त्याने ओढून घेतली, मागची कोरी बाजू वर केली, खिशातले पेन काढले आणि विचारले, "आजोबा, शंकर आबाजी. पुढे काय म्हणालात ?"