चढावर ओढ सोडणारा ट्रक
खांडबाऱ्याहून ऊस भरून निघालेला जुना डिझेल ट्रक चढावर ओढ सोडतो आणि थोडा वेळ उभा केला की पुन्हा नीट चालतो. लगेच पंप खोलू नका. तो खर्च शेवटचा. आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून पाहा. त्यातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलं की टाकीत पोकळी होऊन डिझेल येईनासं होतं.

फरक पडला नाही, तर टाकी ते फीड पंप ही लाइन तपासा. इथली फट मोठी फसवी: बाहेर थेंब गळत नाही, उलट आत हवा ओढली जाते. मध्ये पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले, तर तांब्याचे वॉशर आणि तडकलेला रबरी पाइप बदला. नसतील, तर टाकीतली जाळी काढा. कचरा ओढीने तिला चिकटतो, इंजिन बंद होताच खाली बसतो.