प्रवेशमार्गांची निर्मिती : निवड कोणाची ?

इ. एफ. कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले, तेव्हा तत्कालीन माहितीप्रणालींचे तीन प्रकारचे परावलंबित्व त्यांनी दाखविले : क्रमाचे, सूचीचे आणि प्रवेशमार्गाचे. प्रोग्रामाने काय हवे एवढेच सांगावे, ते कोणत्या वाटेने आणावे याचा भार वाहू नये, हा त्या प्रतिपादनाचा मथितार्थ होय. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’मधील मार्गनिवडीची रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक वाटेच्या खर्चाचा अंदाज बांधून सर्वांत स्वस्त वाट प्रणालीनेच निवडावयाची, अशी ती रीत होती. येथे प्रश्न मिटला असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु व्यवहारात तो मिटला नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयबीएमच्या एएस/४०० यंत्रावर रूढ झालेले, व पुढे ब्रॉडकॉमकडे गेलेले, ‘सायनॉन/२ई’ हे प्रोग्रामनिर्मितीचे साधन. यात आराखडाकार ‘मागणी ग्राहकाचा निर्देश करते’ अशा प्रकारचे संबंध नोंदवितो. त्यांवरून फाईल, प्रवेशमार्ग व प्रोग्राम साधन स्वतः निर्माण करते. प्रत्येक फाईलसाठी भौतिक, अद्ययावतीकरणाचा व वाचनाचा असे तीन मार्ग आपोआप मिळतात. वेगळ्या क्रमाचा मार्ग मात्र आराखडाकाराने मागावा लागतो. डीडीएस पद्धतीने निर्माण झालेला प्रोग्राम त्या मार्गाचे नावच धरून वाचन करतो. तेथे प्रणालीला निवडीस वावच उरत नाही. कॉड यांना नको असलेले परावलंबित्व सोयीच्या मिषाने परत आलेले असते.

मार्ग मागणे सोपे असल्याने त्यांची संख्या वाढते, आणि तत्काळ राखावयाच्या प्रत्येक स्वतंत्र मार्गाची सूची नवी नोंद होताच बदलावी लागते. वाचनाची सोय लेखनाच्या खर्चाने विकत घेतलेली असते. हा खर्च कमी करण्याची एक युक्ती यंत्रातच आहे. ग्राहक, दिनांक व मागणीक्रमांक अशा कळींचा मार्ग आधी बांधलेला असेल, तर केवळ ग्राहक व दिनांक या कळींचा नंतरचा मार्ग, इतर अटी जुळल्यास, तीच सूची वाटून घेऊ शकतो. उलट क्रमाने बांधल्यास आखूड सूची लांब मार्गाला पुरत नाही आणि दोन सूच्या सांभाळाव्या लागतात. म्हणजे आराखडा तोच, परंतु निर्मितीचा क्रम बदलल्याने खर्च बदलतो. ही गोष्ट आराखड्याच्या चित्रात कोठेही दिसत नाही, म्हणूनच ती बहुधा दुर्लक्षिली जाते.

निर्मिती एसक्यूएल पद्धतीने केल्यास चित्र पालटते. मार्गाच्या जागी दृश्य येते, सोबत इच्छेनुसार इंडेक्स; आणि त्या इंडेक्सचा उपयोग करावयाचा की नाही हे प्रणाली ठरविते. सेलिंजर यांची रीत येथे खऱ्या अर्थाने लागू होते. मात्र एसक्यूएल इंडेक्स आपली सूची कळी तंतोतंत जुळल्यासच वाटून घेतो. त्यामुळे जुने मार्ग जसेच्या तसे उतरविल्यास सूच्यांची संख्या वाढण्याचा संभव असतो.

अनावश्यक मार्ग काढून टाकतानाही सावधगिरी हवी. कोणता प्रोग्राम कोणता मार्ग वापरतो हे साधन सांगते, पण साधनाबाहेर हाताने लिहिलेले प्रोग्राम त्याला ठाऊक नसतात. शिवाय एखाद्या मार्गाचे नाव कोणताही प्रोग्राम घेत नसला, तरी प्रणाली एसक्यूएल प्रश्नासाठी त्याचीच सूची वापरीत असू शकते. प्रत्येक सूचीचा प्रश्नांसाठी शेवटचा उपयोग केव्हा झाला याची नोंद यंत्र ठेवते; मार्ग काढण्यापूर्वी ती महिनाअखेरच्या व वर्षअखेरच्या कामांसह पाहिली पाहिजे.